दुधात राहून काय काय विसरलं

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी दुधाचा ताप मोजायचं यंत्र म्हणजे आजीची करंगळी. दूध चांगलं उकळून घ्यायचं, निवू द्यायचं, मग करंगळी बुडवून मनात आकडे म्हणायचे. पाचाच्या आत चटका बसला तर अजून थांबायचं. दहापर्यंत काहीच जाणवलं नाही तर उशीर झाला, पातेलं पुन्हा गॅसवर. वैशाखात बडोद्याच्या उकाड्यात विरजणाचा थेंब पुरायचा. उत्तरायणाच्या थंडीत मात्र दीड चमचा घालून पातेलं गव्हाच्या डब्यात खुपसायचं आणि वर आजोबांचा जुना स्वेटर. सकाळी झाकण काढून पातेलं हलकेच कलतं केलं की दही अख्खं थरथरायचं, कडेनं सुटायचं, पण मोडायचं नाही. कवडी पडली, असं आजी म्हणायची आणि साय बाजूला काढायला लागायची.

मराठीत दही ‘लागतं’. हिंदीत ते जमतं, आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे जामतं. जमणं म्हणजे पातळाचं घट्ट होणं, बर्फही तसाच जमतो. लागणं वेगळं. आग लागते, वेड लागतं, रोपांची लागवड होते, साथीच्या रोगाची लागण होते. एकाकडचं काहीतरी दुसऱ्याकडे जातं आणि तिथे रुजतं, त्याला आपण लागणं म्हणतो. सूक्ष्मजीव कुणी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते तेव्हापासून हे क्रियापद आपल्या स्वयंपाकघरात आहे. (त्याच भाषेनं उत्साह मावळण्याला ‘विरजण पडणं’ म्हणावं, हा विरजणावरचा अन्याय मला कधी समजला नाही. दुधाच्या बाजूनं विचार केला तर कदाचित बरोबर असेल.)

लागतात ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. विरजणाच्या चमच्यात ते कोट्यवधी असतात. कोमट दुधात पडल्यावर त्यांना लॅक्टोज ही दुधातली साखर मिळते. ती मोडून ते स्वतःसाठी शक्ती काढून घेतात आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. एकाचे दोन व्हायला सोयीच्या उबेत अर्धा तास लागतो असं धरलं, तर सहा तासांत एकाचे चार हजारांहून जास्त होतात. आम्ल वाढत जातं. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो. तो घसरत ४.६ कडे आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांचं वागणं बदलतं. एरवी सारख्या विद्युतभारामुळे हे कण एकमेकांना ढकलून सुटे तरंगत असतात. आम्लानं तो भार मिटतो, ते एकमेकांना धरतात, आणि पातेलंभर एक नाजूक जाळं विणलं जातं. सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून पडतं. म्हणजे सकाळी जी कवडी थरथरते ती बहुतांश पाणीच. त्या जाळ्यातून पाणी निथळून काढलं की चक्का.

चक्क्यावर बडोदेकरांचा जीव आहे. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग इथे मराठी घरं आली, त्यांच्याबरोबर श्रीखंड आलं की ते आधीपासूनच इथे होतं, यावर दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतात. मी त्यात पडत नाही. पण फडक्यात बांधलेला चक्का खिडकीच्या गजाला टांगणं, खाली पातेल्यात टपटप पडणारी निवळी, मग साखर घालून पुरणयंत्रातून काढणं, हे सगळं यंत्रावर नेण्याचं काम याच गावात झालं. बडोद्याच्या सहकारी दूध संघाच्या ‘सुगम’ डेअरीचं नाव दुग्धतंत्राच्या पुस्तकांत येतं ते यासाठीच. जर्मन लोकांच्या क्वार्क नावाच्या मऊ चीझसाठी बनवलेलं सेपरेटर तिथे श्रीखंडाला लावलं गेलं. फडकं रात्रभर जे करतं ते हे यंत्र दही गरगर फिरवून भराभर करतं. निथळायचं काम यंत्रानं घेतलं, फेटायचंही घेतलं. लावायचं काम मात्र जिवाणूंकडेच राहिलं.

आता या जिवाणूंना पहिल्यांदा मोठेपण कुणी दिलं ते सांगून पुढे जाऊ, कारण आणंदची गाडी पकडायची आहे. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं आपल्याकडच्या दह्यातला दांड्यासारखा जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकोव्ह यांनी तो उचलून धरला. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात, ते आंबट दही खातात, तेव्हा आतड्यातल्या ‘सडण्या’ला हे जिवाणू आवर घालत असावेत, असं त्यांचं म्हणणं. १९०७ मध्ये त्यांचं आयुष्य लांबवण्याविषयीचं पुस्तक आलं. (त्याच वर्षी बडोद्यात अ‍ॅलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली. संबंध काही नाही, पण आम्हा बडोदेकरांना असे योगायोग खिशात ठेवायची सवय आहे.) १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. आणि गंमत पुढे आहे. बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात फारसा टिकत नाही, असं नंतर दिसून आलं. तो दुधाचा रहिवासी. पोटातून जातो तो पाहुण्यासारखा.

मग पोटात वस्ती करून राहणारा कोण? आणि दोघे दिसायला सारखेच दांडे असतील, दोघेही दूध आंबट करत असतील, तर ओळखायचे कसे?

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालं की महीचा पूल येतो, मग वासद, मग आणंद. पाऊण तासाचा प्रवास. आणंद म्हटलं की लोकांना अमूल आठवतं, पण त्या गावात १९६१ पासून दुग्धविज्ञानाचं महाविद्यालय आहे आणि आज ते आणंद कृषी विद्यापीठाचा भाग आहे. तिथल्या जे. बी. प्रजापती यांच्यासह एका मोठ्या गटानं २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त एक छोटा लेख छापला. लेखकांच्या यादीत खेडकर हे नाव येतं तिथे मराठी नजर क्षणभर थबकते. लेखाचा विषय: भारतात सापडलेल्या, प्रोबायोटिक म्हणून उपयोगी पडू शकेल अशा एका जिवाणूचा अख्खा जीनोम. जीनोम म्हणजे त्या जिवाचा जनुकसंच, डीएनएमध्ये लिहिलेला त्याचा सगळा मजकूर.

या जिवाणूचं नाव लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस, वाण एमटीसीसी ५४६३. नंबर चंदीगडचा आहे. तिथे १९८६ पासून सूक्ष्मजीवांची राष्ट्रीय पेढी आहे. वाण जपून ठेवायला दिला की पावती म्हणून असा नंबर मिळतो. आणि हेल्वेटिकस म्हणजे लॅटिनमध्ये ‘स्वित्झर्लंडचा’. ही जात मोठमोठ्या भोकांच्या स्विस चीझमध्ये वापरली जाते, म्हणून ते नाव. पण आणंदचा हा वाण कुठल्या चीझमधून आलेला नाही. तो एका निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातून घेतलेल्या नमुन्यात सापडला.

वाचताना कुणाला संकोच वाटेल, पण वाटायचं कारण नाही. लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू तिथे बहुसंख्येनं राहतात, तिथेही ते लॅक्टिक आम्लच तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे रोगजंतूंना पाय रोवणं अवघड जातं. बाळ जन्माला येताना वाटेतच त्याच्या अंगाला हे जिवाणू लागतात. दात यायच्या, बारसं व्हायच्या आधीच आईकडून मिळालेलं हे पहिलं विरजण.

म्हणजे कोडं असं: चीझवाल्यांच्या जातीतला एकजण माणसाच्या शरीरात वस्तीला होता. वंश एक, घर वेगळं. त्याच्या मजकुरात त्या घराच्या खुणा दिसतील का?

मजकूर किती मोठा? हेल्वेटिकसच्या डीएनएत वीस लाखांच्या आसपास अक्षरं असतात, आणि अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पुस्तकाच्या पानावर दोन हजार अक्षरं धरली तर हजार पानांचा ग्रंथ. (माणसाचा अशाच हिशेबानं पंधरा लाख पानांचा होईल.) हा ग्रंथ म्हणजे प्रत्यक्षात एक दोरा. ताणून सरळ केला तर भरतो पाऊण मिलिमीटरहून थोडा कमी, राईच्या दाण्याएवढाही नाही. पण तो राहतो त्या जिवाणूची लांबी काही मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा फुटांच्या खोलीत दोन हजार फूट दोरा गुंडाळून ठेवावा, आणि तोही असा की हवं ते टोक हव्या त्या क्षणी सापडेल. पतंगाचा मांजा ज्यानं कधी सोडवला आहे त्याला या व्यवस्थेचं मोल कळेल.

हा दोरा सलग वाचता येत नव्हता. आता लांबच लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली आहेत, पण २०११ च्या लेखाच्या मथळ्यातच ‘शॉटगन’ हा शब्द आहे. रीत अशी समजा. एकाच कादंबरीच्या वीसतीस प्रती रद्दीत गेल्या. भेळवाल्यानं पुड्या बांधायला त्यांची पानं वाटेल तशी फाडली. आता सगळे चिटोरे गोळा करून मूळ कादंबरी जुळवायची. एकच प्रत असती तर अशक्य होतं. पण प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी फाटली असल्यामुळे एका चिटोऱ्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या मधोमध सापडते. शेवट सुरुवातीवर ठेवत, जुळवत जायचं. जिवाणूंच्या कोट्यवधी पेशी म्हणजे कोट्यवधी प्रती, डीएनएचे तुकडे म्हणजे चिटोरे, आणि जुळवणी संगणकाकडे.

घोटाळा होतो तो ध्रुपदाशी. आरतीच्या पुस्तकाचे असे चिटोरे झाले आणि हातात ध्रुपदाची ओळ आली, तर ती कुठल्या कडव्यानंतरची? सगळीकडे तीच. हेल्वेटिकसच्या जीनोममध्ये ही पीडा भरपूर आहे. ‘इन्सर्शन सीक्वेन्स’ नावाचे छोटे डीएनए-तुकडे असतात, त्यांना एकच काम येतं: इथून उठून तिथे जाऊन बसायचं, नाहीतर स्वतःची नक्कल करून भलतीकडे घुसवायची. चीझमधल्या ज्या हेल्वेटिकसचा जीनोम आयर्लंडच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्यात असे दोनशेहून जास्त तुकडे होते. जुळवणाऱ्याची डोकेदुखी. पण जिवाणूच्या चरित्रात या उपटसुंभांना महत्त्वाची जागा आहे, कारण ते चालू जनुकाच्या मधोमध जाऊन बसले की ते जनुक बंद पडतं.

आणंदच्या गटानं आपल्या वाणाची तुलना केली ती याच आयरिश वाणाशी, डीपीसी ४५७१ शी. त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी वाटते.

डीपीसी ४५७१ हा स्विस चीझमधला. त्याचा जवळचा नातेवाईक लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, तो आतड्यातला म्हणून ओळखला जातो. जिवाणूंची ओळख पटवायला १६-एस नावाचं सुमारे दीड हजार अक्षरांचं एक जनुक वापरतात. या दोघांचं ते जनुक ९८.४ टक्के सारखं निघालं. नुसत्या त्या एका ओळखपत्रावर भागवलं असतं तर सख्खे भाऊ म्हणून सोडून दिलं असतं. पूर्ण ग्रंथ उघडल्यावर मात्र दिसलं की चीझवाल्याची सुमारे तीनचतुर्थांश जनुकं दुसऱ्याशी जुळतात आणि उरलेल्यात दोघांचे रस्ते फुटले आहेत. चीझवाल्यानं काही नवीन कमावलं होतं, दुधातल्या प्रथिनांवर आणि मेदांवर जगायला उपयोगी पडेल असं. आणि बरंच गमावलं होतं. आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला चिकटून राहायला लागणारी प्रथिनं त्याच्याकडे चालू स्थितीत उरलीच नव्हती. वेगवेगळ्या साखरा आत ओढून घ्यायच्या यंत्रणाही कमी झालेल्या.

का? मेसचा डबा लागलेला मुलगा आठवा. वर्षभरात तो कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरतो. दुधात साखर एकच, लॅक्टोज, पण मुबलक. प्रथिनं मुबलक. चिकटून राहायची गरज नाही, वाहून नेणारा प्रवाह नाही, पित्त नाही, शेजारी शत्रू फारसे नाहीत. अशा घरात एखादं जनुक मोडलं तरी जिवाणूचं काही अडत नाही, म्हणून मोडकं जनुक पुढच्या पिढीत तसंच जातं. दुधातली एक पिढी म्हणजे फार तर तासाभराची गोष्ट, आणि माणूस दूध नासवून, आंबवून, घुसळून खातो आहे त्याला हजारो वर्षं झाली. आपण गाई पाळल्या, कुत्री पाळली, हे शाळेत शिकवतात. आपण जिवाणूही पाळले आणि ते पाळीव होताना काय काय विसरले, त्याची यादी त्यांच्याच डीएनएत शिल्लक आहे.

दह्यातला दुसरा दिग्गज स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. त्याचा जीनोम २००४ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याच्या जनुकांपैकी साधारण दहावा हिस्सा मोडका निघाला. आणि याचं घराणं कुठलं? न्यूमोनिया करणारा, घशाला सूज आणणारा, तेच स्ट्रेप्टोकॉकस. या घराण्यात रोग करायला जी हत्यारं लागतात ती थर्मोफिलसकडे एकतर नाहीत किंवा गंजून निकामी झालेली. मी ते पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी ताटातल्या दह्याकडे बराच वेळ पाहत होतो. दरोडेखोरांच्या कुळातला एक मुलगा दुधाच्या धंद्यात शिरला आणि त्याच्या नातवंडांना तलवार कुठल्या टोकानं धरायची तेही आठवेना.

हे विसरभोळे एकमेकांना सांभाळतात हे आणखी विशेष. थर्मोफिलस आणि मेचनिकोव्हचा तो बल्गेरियन दांडा योगर्टमध्ये जोडीनं राहतात. दांड्याकडे प्रथिनं कापायची कात्री आहे. तो केसीनचे बारीक तुकडे पाडतो, त्यातले थर्मोफिलसला मिळतात. थर्मोफिलस बदल्यात फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो, ते दांड्याच्या वाढीला लागतात. एकेकटे दूध लावतात, पण जोडीनं लवकर लावतात. दोघांच्या जीनोममध्ये एकमेकांकडून उचललेली जनुकं असावीत अशाही खुणा सापडल्या आहेत. शेजारी राहून मराठी घरात ढोकळा शिरतो आणि गुजराती घरात थालीपीठ, तसंच म्हणायचं.

या थर्मोफिलसनं जगाला आणखी एक गोष्ट दिली. डेअऱ्यांच्या टाक्यांत कधीकधी फेज नावाचे विषाणू शिरतात आणि विरजणातले जिवाणू सफाचट करतात, दूध तसंच राहतं. काही वाण मात्र वाचतात. डॅनिस्को कंपनीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की वाचलेले वाण हल्लेखोराच्या डीएनएचा एक तुकडा कापून आपल्या जीनोममध्ये चिकटवून ठेवतात, पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून. चौकीत लावलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंसारखी ती रांग. तिचं नाव क्रिस्पर. त्याच यंत्रणेतून पुढे जनुकं हवी तिथे कापायची कात्री तयार झाली आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कात्रीला मिळालं. कोणाच्या डोक्यात येईल की जनुकांच्या कात्रीचा एक धागा दह्याच्या टाकीपर्यंत जातो?

तर परत आणंदला. एमटीसीसी ५४६३ चा ग्रंथ उघडताना प्रश्न हाच होता: माणसाच्या शरीरात राहिलेला हा हेल्वेटिकस काय विसरला नाही? हा वाण आधी प्रयोगशाळेत पारखला गेला होता. आतड्यात उपयोगी पडण्याची, कोलेस्टेरॉल कमी करण्याची, प्रतिकारशक्तीला चालना देण्याची लक्षणं त्यात दिसली होती. जीनोम हाती आल्यावर त्यामागची जनुकं बोट ठेवून दाखवता येतात. त्याच गटानं २०१४ मध्ये हेल्वेटिकसचे निरनिराळे वाण शेजारी मांडून ताण सोसायला मदत करणाऱ्या जनुकांची तुलना केली, कोण कुठे राहतो त्या हिशेबानं. ताण म्हणजे काय ते त्या जिवाणूच्या जागी जाऊन पाहा. आधी जठरातलं आम्ल, आजीच्या सगळ्यात आंबट ताकाहून कितीतरी तीव्र. तिथून निसटलं की पित्त, जे मेदाच्या पडद्यांना साबणासारखं विरघळवतं, आणि जिवाणूचं आवरण मेदाचंच असतं. मग मीठ, मग कमी-जास्त होणारा ऑक्सिजन, मग आधीपासून जागा अडवून बसलेले अब्जावधी रहिवासी. दुधातून आलेल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

डीपीसी ४५७१ वाचणाऱ्या त्याच आयरिश गटानं २००९ मध्ये अकरा जीनोम एकमेकांसमोर ठेवून नऊ जनुकांची एक यादी काढली होती. या नऊंपैकी कोणती आहेत आणि कोणती नाहीत ते पाहून जिवाणू दुधातला की आतड्यातला ते सांगता येईल, अशी कल्पना. नऊ जनुकं म्हणजे वीस लाखांच्या ग्रंथातली मोजकी पानं. बोली ऐकून माणूस कुठल्या गावचा ते ओळखावं तसं. आमचं बडोद्याचं मराठी पुण्यात दोन वाक्यांत पकडतात, तेव्हा ही कल्पना मला पटायला वेळ लागला नाही.

ग्रंथ वाचण्याचा दुसरा उपयोग कमी रंजक आणि जास्त गरजेचा. जिवंत जिवाणू माणसाला रोज खायला घालायचा तर त्याच्याकडे प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं आहेत का, आणि असलीच तर ती जागच्या जागी घट्ट बसलेली आहेत की त्या उपटसुंभ तुकड्यांच्या शेजारी, पोटातल्या एखाद्या रोगजंतूला उसनी जाण्याच्या बेतात, हे पाहावं लागतं. पूर्वी हे फक्त काचेच्या बशीत, औषधाच्या चकत्या ठेवून तपासायचे. त्यातून जिवाणू मरतो की जगतो एवढं कळायचं, हत्यार कुठे लपवलं आहे ते नाही. आणंदच्या वाणाची जीनोमवरून अशी सुरक्षिततेची छाननीही झाली आणि ती वेगळ्या लेखात मांडली गेली. २०११ मध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांचाही आग्रह हाच: वाण नेमका कोणता ते सांगा, तो तपासा, मग दावा करा.

वाण. या शब्दावर मी अडतो, कारण दुकानात तोच गाळलेला असतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं की काम झालं असं विकणाऱ्याला वाटतं. ते म्हणजे आंब्याच्या पेटीवर ‘फळ’ लिहिण्यासारखं आहे. त्यातही २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जीनोम पाहून हे २६१ जातींचं अवाढव्य एकत्र कुटुंब मोडलं आणि पंचवीस वेगळ्या चुली मांडल्या. आपल्या लोणच्यात, इडलीच्या पिठात भेटणारा प्लँटारम आता लॅक्टोबॅसिलस राहिलेला नाही, त्याचं नवं आडनाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस. बिचारा हेल्वेटिकस जुन्याच घरात राहिला.

वाणानं किती फरक पडतो हे बघायचं तर ई. कोलाय घ्या. नाव काढलं की जुलाब आठवतात. पण १९१७ मध्ये आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरला एका सैनिकाच्या पोटात असा ई. कोलाय मिळाला की बरोबरीच्या शिपायांना हगवण लागली तरी तो सैनिक ठणठणीत. हा निसले वाण आजही प्रोबायोटिक म्हणून वापरात आहे, आणि आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात त्याच्यावर सुंदर काम झालं. जी. नरेशकुमार यांच्या गटानं त्याच्यात पीक्यूक्यू हे ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारं द्रव्य तयार करणारी जनुकं बसवली आणि तो उंदरांना दिला. वयानुसार वाढणारी झीज त्या उंदरांमध्ये कमी दिसली. आणंदवाल्यांनी जिवाणूची वही वाचली, बडोदेवाल्यांनी वहीत पान जोडलं.

उंदरांचं उंदरांपाशी. माणसांत काय होतं? एमटीसीसी ५४६३ आणंदच्या गटानं वयस्कर स्वयंसेवकांना देऊन पाहिला. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासाचं मर्म मला फार आवडलं. सगळ्यांना वाण एकच, प्रतिसाद मात्र काहींनीच दिला. आणि प्रतिसाद देणारे व न देणारे वेगळे ओळखता येत होते ते त्यांच्या आतड्यात आधीपासून कोण राहत होतं त्यावरून. वीस लाख अक्षरं वाचून झाली, प्रत्येक जनुकाला नाव देऊन झालं, आणि पुढचं पान निघालं ते खाणाऱ्याच्या पोटात. एकच विरजण दोन घरी दिलं तर एकीकडे कवडी पडते आणि दुसरीकडे तार सुटते, हे आजीला माहीत होतंच. ती दोष पातेल्याला द्यायची.

आमच्या घरचं विरजण आजीच्या सासूबाईंच्या काळापासूनचं, असं ती अभिमानानं सांगायची. मला ते तपासून घ्यावंसं वाटायचं. आता असं करता येतं: दह्याच्या एका चमच्यातल्या सगळ्यांच्या वह्या एकदमच फाडायच्या आणि कोणाकोणाची पानं आहेत ते जुळवायचं. निकाल काय लागेल याची मात्र मला अटकळ आहे. मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुटीत सगळे महिनाभर गावाला गेलो होतो आणि परत आलो तेव्हा विरजणाच्या वाटीत हिरवी बुरशी धरली होती. आजीनं गुपचूप वरच्या मजल्यावरच्या मासींकडून चमचाभर मेळवण, म्हणजे त्यांचं विरजण, आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा सासूबाईंचं विरजण झालं. असं आणखी किती वेळा झालं असेल, ते ती सांगणाऱ्यातली नव्हती.

परवा संध्याकाळी दार वाजलं. मासींची सून, हातात स्टीलची वाटी. तिचं दही दोन दिवस चिकट लागत होतं. ‘थोडुं मेळवण आपशो?’ मी फ्रीजमधून पातेलं काढलं, बोट न लागू देता कडेचा एक चमचा तिच्या वाटीत घातला. तिनं वाटीवर तळहात धरला आणि जिना चढून वर गेली.